विषय: पुन्हा एकदा – घरपट्टीच्या पावत्या, शुक्रवारच्या आत

सचिव:
मंडळी, मालवण नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकासाठी सूचना द्यायची मुदत शुक्रवार संध्याकाळपर्यंतच आहे. काल कचेरीतल्या बाईंनी अण्णांना नवीनच सांगितलं. सूचनेसोबत घरपट्टीची चालू पावती हवी, आणि ती अर्जदाराच्याच नावावर. माझ्याकडे ४ पावत्या आल्या, चारही मयतांच्या नावावर. उरलेल्यांनी आज पाठवा. मसुदा मागच्या मेलला जोडलाय, परत मागू नये.

भाऊकाका:
आमची अजून आजोबांच्या नावावर आहे. आजोबा गेले तेव्हा मी चौथीत होतो. घराचे ७ वाटेकरी, त्यातले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, तेव्हा वारस नोंद या जन्मी कठीण. पैसे मात्र दरवर्षी मी भरतो, आणि ते घेताना आजोबा कुठे आहेत म्हणून कुणी विचारत नाही. सही कुणाची करू?
ता.क. आपल्या परदेशातल्या मंडळाच्या लेटरहेडवर पाठवा, हे मी गणपतीतच म्हणालो होतो.

खजिनदार:
लेटरहेड अजिबात नको. निम्म्यांकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांचं), म्हणजे तिथे मत नाही. उद्या म्हणतील, परदेशातून गाव चालवायला निघाले. आणि ‘बाजारातल्या रॅम्पचा खर्च मंडळ करेल’ हे वाक्य कुणी घातलं? ज्यांनी नागरिकत्व बदललं त्यांचे पैसे परकीय देणगीत धरतात. भारतीय पासपोर्टवाल्यांच्या स्वतःच्या बचतीचं तसं नाही. पण खातं एकच आहे, आणि निस्तरायला मीच.

मोठ्या वहिनी:
मी महिनाभर गावच्या घरी आहे, नेट फक्त माडीवर येतं, म्हणून उशीर. मसुद्यात पहिली मागणी पाखाडीवरचे, म्हणजे चिऱ्यांच्या पायवाटेवरचे, दिवे. पाखाडीवर घरं १४, त्यातली ९ बंद. दिवे काय वटवाघळांना?
काल मासळी बाजारात गेले. नवे ओटे कमरेएवढे, वर गुळगुळीत लाद्या. चढायला एकच पायरी, तीही कायम ओली. आपली सुरमईवाली, गुडघे गेलेत तिचे, ती ओट्यावर चढतच नाही. खाली गटाराच्या कडेला पाटी मांडून बसते, आणि पावती फाडणारा ओट्याचेच पैसे घेऊन जातो. तिला विचारलं, नगरपरिषदेच्या सभेला गेली होतीस का? म्हणाली, “सभा ११ वाजता. मासे टाकून मियां खंय जांव?”

अण्णा:
दिवे मी घातलेत. परवा रात्री सुटलेल्या चिऱ्याला ठेचकाळून पडलो. ९ घरं बंद, पण ५ उघडी आहेत ना?
आणि ‘प्रभाग समिती नेमा’ हे काढा. घटनेच्या ७४व्या दुरुस्तीत ती सक्ती ३ लाख किंवा जास्त वस्तीच्या शहरांना आहे. २०११च्या जनगणनेत अख्खा सिंधुदुर्ग साडेआठ लाखांच्या आत, मालवण १९ हजारांच्या आत. आपल्याला हा एक अर्ज, नाहीतर नगरसेवकाची ओसरी.

धाकटा:
अण्णा, पडलात आणि कळवलं नाहीत? एक्सरे काढलात का?
बाकी, वस्ती कमी म्हणून काही होत नाही हे मला पटत नाही. वेंगुर्ला मालवणपेक्षा लहान, पण तिथे कचरा डेपो बघायला लोक येतात. ओट्यांसाठी दिव्यांग निधी मागा. नगरपरिषदेला उत्पन्नातले ५ टक्के त्यासाठी ठेवावेच लागतात.

मोठ्या वहिनी:
सुरमईवालीकडे अपंगत्वाचा दाखला नाही. गुडघ्यांसाठी दाखला काढायचा म्हणजे जिल्हा रुग्णालयात खेपा, आणि दिवसाची विक्री बुडणार. निधीचं नाव घेऊ नका, “दोन पायऱ्या आणि कठडा” एवढंच लिहा. आणि सभा दुपारी ३ नंतर घ्या, हेही.

अण्णा:
एक्सरे काढला, हाड शाबूत. दिवे दुसऱ्या नंबरवर चालतील.

सचिव:
ठरलं तर. पण पावती?

मोठ्या वहिनी:
सुरमईवालीची आहे! घर तिच्या नावावर, चालू वर्षाची, एक दिवस उशीर नाही. आत्ताच फोटो काढला, कोपऱ्यात खवला चिकटलाय तेवढा सोडा. अर्ज तीच देणार, मी फक्त लिहून देते. तिने चौथी मागणी सांगितलीय, बाजारातला नळ सकाळी ६ला सुटावा. ती पहिली घालायची म्हणते.

भाऊकाका:
छान. मग आमच्या आजोबांच्या पावतीचं काय करायचं?