‘किर्शेनकाम्फ’ला मराठीत काय म्हणावे?

भाषांतरकार
नाझी राजवट आणि ख्रिस्ती चर्च यांच्या संबंधांवरचा एक लेख जर्मनमधून मराठीत आणतो आहे. ‘किर्शेनकाम्फ’पाशी गाडी अडली. फोड सोपी आहे: किर्शे म्हणजे चर्च, काम्फ म्हणजे लढा. पण ‘चर्च-संघर्ष’ लिहिले तर संपादकबाई विचारतात, कोणाचा कोणाशी? हिटलरचा चर्चशी की चर्चचा हिटलरशी? ‘धर्मयुद्ध’ नको, तो शब्द क्रुसेडने कधीच पळवला आहे. शिवाय ‘ग्लाइखशाल्टुंग’ (सगळ्या संस्था नाझींच्या हुकमाखाली आणणे) आणि ‘बेकेनंड किर्शे’ (या धोरणाला चर्चपुरता विरोध करणारा प्रोटेस्टंट गट) हेही पुढे उभे आहेत. पहिल्याला इंग्रजीच्या वाटेने आलेला ‘समन्वय’ शब्द चिकटलेला दिसतो, तो मला अजिबात पटत नाही. जाणकारांनी सुचवावे.

जर्मनवाला
संपादकबाईंचा प्रश्न रास्त आहे, आणि गंमत अशी की त्यांनी दिलेले दोन्ही पर्याय निदान १९३३-३४ पुरते तरी लागू पडत नाहीत. तेव्हा हा झगडा मुख्यतः प्रोटेस्टंट चर्चच्या घरातच पेटला होता.

जर्मनीत प्रोटेस्टंटांची २८ प्रांतिक चर्चे होती. ती मोडून एकच राष्ट्रीय चर्च करायचे आणि त्यावर एक ‘राइशबिशप’, म्हणजे अख्ख्या राष्ट्राचा बिशप, बसवायचा, असा घाट घातला गेला. तो घालणाऱ्यांत चर्चमधलाच एक गट पुढे होता, त्याचे नाव ‘डॉइच क्रिस्टन’. २३ जुलै १९३३ला चर्चच्या निवडणुका झाल्या. आदल्या रात्री हिटलर स्वतः रेडिओवरून या गटासाठी बोलला आणि गटाला साधारण दोन तृतीयांश मते पडली. ही मते पोलिसांनी नव्हे, चर्चच्या सभासदांनीच दिली होती. सप्टेंबरात प्रशियाच्या सिनॉडने (चर्चच्या प्रतिनिधींच्या सभेने) ‘आर्य कलम’ मंजूर केले: ज्यू वंशाचा माणूस बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला असला तरी तो पास्टर (प्रोटेस्टंट धर्मगुरू) राहू शकणार नाही. काही प्रतिनिधी या सिनॉडला नाझींच्या तपकिरी गणवेशात आले होते. त्याच महिन्यात याच गटाचा लुडविग म्युलर राइशबिशप झाला.

म्हणून माझे मत ‘चर्चमधला झगडा’. ‘संघर्ष’ म्हटले की मराठीत लगेच मोर्चा आणि घोषणा डोळ्यांपुढे येतात.

वाचनवेडा
अवांतर: ‘डॉइच क्रिस्टन’चे भाषांतर ‘जर्मन ख्रिस्ती’ करू नका. वाचकाला वाटेल जर्मनीतले सगळेच ख्रिस्ती. ‘“जर्मन ख्रिस्ती” चळवळ’ असे अवतरणात हवे. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुडीवर कप्तान असलेला, नाझींना मत दिलेला, पक्का राष्ट्रवादी पास्टर मार्टिन नीमोलर हाही जर्मन होता आणि ख्रिस्ती होता, पण त्या चळवळीत नव्हता. उलट तिच्याविरुद्ध त्याने पास्टरांचा ‘आपत्कालीन संघ’ काढला. काही महिन्यांत सुमारे ७,००० पास्टर त्यात आले. १९३७ला त्याला पकडले, मग झाक्सनहाउझनची छळछावणी, मग डाखाउची, थेट १९४५पर्यंत.

वसईकर
तुम्ही सगळे ‘चर्च’ हा एकच शब्द वापरता आहात, तिथे गोंधळाचे मूळ आहे. मराठीत चर्च म्हणजे आधी इमारत. मराठी बायबलात समुदायासाठी ‘मंडळी’ आहे आणि प्रोटेस्टंट तोच शब्द वापरतात. आम्ही कॅथलिक ‘ख्रिस्तसभा’ म्हणतो. लेखात दोन्ही पंथ येणार असतील तर हा भेद आयता मिळाला आहे, वापरून घ्या.

कारण कॅथलिकांची गोष्ट निराळी आहे. तिथे भांडणाआधी करार आला. २० जुलै १९३३ला व्हॅटिकनमध्ये हिटलरचा उपचान्सेलर पापेन आणि कार्डिनल पाचेली (हेच पुढे पोप बारावे पायस) यांनी ‘राइशकॉन्कॉर्डाट’वर सह्या केल्या. धर्मगुरूंनी पक्षीय राजकारणातून बाहेर राहायचे, बिशपांनी राज्याशी निष्ठेची शपथ घ्यायची, आणि बदल्यात शाळा, संस्था, उपासना यांना संरक्षण. कॅथलिकांचा ‘सेंट्रुम’ पक्ष त्याच्या दोन आठवडे आधीच विसर्जित झाला होता. त्याच पक्षाने मार्चमध्ये हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याच्या बाजूने मत दिले होते.

या कॉन्कॉर्डाटला ‘तह’ म्हणू नका. तह लढाईनंतर होतो. ‘करारनामा’ बरा.

भाषांतरकार
‘करारनामा’ घेतला. १९३७च्या पोपच्या पत्राचे काय करू? ‘मिट ब्रेनेंडर झोर्ग’. ‘जळत्या चिंतेने’ वाचून मला हसू येते.

वसईकर
हसू येणारच. ‘अंतःकरण पोळणाऱ्या चिंतेने’ करा. मात्र वाक्य तिथून सुरू झाले पाहिजे, कारण पोपच्या अशा पत्रांना पहिल्या शब्दांवरूनच नाव पडते. एरवी हे शब्द लॅटिन असतात. हे पत्र मुद्दाम जर्मनमध्ये लिहिले, चोरून जर्मनीत नेले, गुपचूप छापले आणि २१ मार्चला, झावळ्यांच्या रविवारी, चर्चाचर्चांत वाचून दाखवले. वंश आणि राज्य यांना देवाच्या जागी बसवू नका असे त्यात बजावले आहे. हिटलरचे नाव मात्र त्यात नाही. ज्या छापखान्यांनी ते छापले त्यांच्यापैकी अनेकांना टाळे लागले.

इतिहासाची विद्यार्थिनी
जर्मनवाल्यांच्या ‘झगडा’ला माझा विरोध नाही, पण ‘किर्शेनकाम्फ’ या शब्दावरच माझा राग आहे. युद्धानंतर या काळाचा इतिहास आधी लिहिला तो बहुतेक ‘बेकेनंड किर्शे’मधल्याच मंडळींनी. त्यामुळे आतल्या भांडणासाठीचा शब्द हळूहळू ‘चर्चने नाझींशी दिलेला लढा’ या अर्थाने मिरवू लागला. मराठीत आपण तोच मखरात बसवायचा का?

एक उदाहरण देते. ७ एप्रिल १९३३च्या कायद्याने सरकारी नोकराला आपण आर्य असल्याचे आजीआजोबांपासून सिद्ध करावे लागू लागले. जर्मनीत सगळीकडे सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली १८७६ला. आजीआजोबा त्याआधीचे. म्हणजे पुरावा कुठे? चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत. हजारो पास्टर आणि फादर टेबलाशी बसून हे उतारे काढून देत होते, आणि त्या उताऱ्यांवरूनच कोणाचे आजोबा ज्यू होते हे ठरत होते. यात कसला ‘काम्फ’? (या कागदाला कृपया ‘प्रमाणपत्र’ म्हणू नका, ‘आर्य असल्याचा दाखला’च म्हणा. दाखला शब्दाला कचेरीच्या खिडकीचा वास आहे आणि तो इथे हवाच.)

आणि १९३९ला आयझेनाखमध्ये तर जर्मन चर्चजीवनातला ज्यू प्रभाव खणून काढण्यासाठी संस्थाच निघाली. चालवणारे प्राध्यापक, बायबलचे अभ्यासक.

वसईकर
ताई, तुमचा मुद्दा मान्य, पण सगळ्यांना एका वहीत बांधू नका. बर्लिनचे कॅथलिक फादर बर्नहार्ड लिश्टनबेर्ग १९३८च्या नोव्हेंबरात ज्यूंवर झालेल्या हल्ल्यांनंतर त्यांच्यासाठी उघडपणे प्रार्थना करत होते. १९४१ला अटक झाली आणि १९४३ला डाखाउच्या वाटेवर ते वारले. म्युन्स्टरचे बिशप गालेन यांनी ३ ऑगस्ट १९४१ला अपंग आणि मनोरुग्णांच्या हत्येविरुद्ध प्रवचन दिले. त्याच महिन्यात हिटलरला ती मोहीम निदान कागदावर थांबवावी लागली.

इतिहासाची विद्यार्थिनी
कागदावरच. तोवर सुमारे ७०,००० माणसे मारली गेली होती आणि नंतरही उपासमार व औषधांनी ते चालूच राहिले. आणि गालेनांनी ज्यूंसाठी असे जाहीर प्रवचन दिले नाही. बांधत नाही, दादा. पण लिश्टनबेर्ग एकटे पडले होते, हे शब्दात झाकले जाऊ नये एवढेच.

जर्मनवाला
‘ग्लाइखशाल्टुंग’ राहिले. शाल्टन म्हणजे स्विच लावणे. विजेच्या कामातला शब्द: सगळे दिवे एकाच बटणावर आणणे. ‘समन्वय’मध्ये दोन बाजू बसून काहीतरी जुळवतात, इथे बटण एकाच्याच हाती. ‘एकसूत्रीकरण’ फार गोड वाटते. ‘एकहुकमीकरण’ बोजड आहे पण खोटे नाही.

आता ‘बेकेनंड किर्शे’. ‘कबुली देणारे चर्च’ असे कुठे वाचले तर पान उलटा. कबुली म्हटली की पोलीस चौकी नाहीतर कुमसार (फादरपुढे पापे सांगणे).

वसईकर
इतके सोपे नाही. मराठी बायबलात ‘येशू प्रभू आहे’ असे मुखाने ‘कबूल’ करायचे आहे, आणि तिथे गुन्ह्याचा संबंध नाही. पण आजच्या वाचकाला तो अर्थ लागणार नाही हे खरे. त्यापेक्षा ‘विश्वासांगीकार’ आहे ना! ‘प्रेषितांचा विश्वासांगीकार’ कित्येक पिढ्या म्हणत आल्या आहेत. ‘विश्वासांगीकारी मंडळी’ का नको?

जर्मनवाला
वा! अगदी नेमके. मे १९३४ला बार्मेनच्या सभेत त्यांनी केले ते हेच. धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थने मसुदा लिहिला, सहा कलमे. ख्रिस्त हेच देवाचे एकमेव वचन, त्याच्या शेजारी दुसरा कोणी नेता किंवा सत्ता बसवता येणार नाही. चर्च हे राज्याचे खाते नव्हे. मात्र त्या सहाही कलमांत ज्यूंचा शब्द नाही. चर्चचे स्वातंत्र्य वाचवणे आणि शेजाऱ्याला वाचवणे, ही त्यांच्या लेखी दोन कामे होती.

आणि हेच क्रियापद (‘बेकेनेन’) १९४५च्या ऑक्टोबरात प्रोटेस्टंट चर्चच्या स्टुटगार्टच्या निवेदनात दोन्ही अर्थांनी आले. त्या निवेदनाला लोक ‘अपराधाची कबुली’ म्हणतात, आणि त्यात वाक्य आहे की आम्ही अधिक धैर्याने ‘बेकांट’ झालो नाही, म्हणजे विश्वास उघड मांडला नाही. मराठीत दोन शब्द लागतील. तिथेही ज्यूंचे नाव नाही.

वाचनवेडा
अवांतर, पण महाराष्ट्राशी संबंध असलेले: याच मंडळींपैकी डीट्रिश बोनहॉफरला गांधीजींकडे येऊन राहायचे होते. १९३४ला तो लंडनमध्ये पास्टर होता, तिथून त्याने पत्र लिहिले. गांधीजींनी नोव्हेंबरात, वर्ध्याचा मुक्काम असताना, ये म्हणून कळवले. आला नाही. जर्मनीत या मंडळींसाठी पास्टर घडवायची शाळा त्याच्या गळ्यात पडली. एप्रिल १९४५ला त्याला फाशी दिली.

भाषांतरकार
सर्वांचे आभार. तर ‘किर्शेनकाम्फ’ पहिल्यांदा येईल तिथे मूळ शब्द ठेवून पुढे ‘चर्चमधला झगडा’, आणि राज्याने चर्चवर घातलेल्या बंधनांसाठी ‘दडपशाही’ वेगळी लिहितो. ‘विश्वासांगीकारी मंडळी’ नक्की.

एक शेवटचा: ‘गॉटग्लॉयबिश’. नाझी काळातल्या नोंदींत धर्माच्या रकान्यात येतो. ‘आस्तिक’ चालेल?

इतिहासाची विद्यार्थिनी
नाही. चर्चचे सभासदत्व सोडले, पण नास्तिक म्हणवून घ्यायचे नाही, अशांसाठी १९३६ला सरकारने पाडलेला हा रकाना. एसएस या नाझींच्या निमलष्करी दलात याचे प्रमाण जास्त. १९३९च्या जनगणनेत सुमारे साडेतीन टक्के लोक यात होते. उरलेल्यांपैकी बहुतेक सगळे तेव्हाही प्रोटेस्टंट किंवा कॅथलिक म्हणूनच नोंदलेले होते. ‘आस्तिक’ म्हटले की त्यांनाही त्यातच धरावे लागेल.

वाचनवेडा
‘चर्चमुक्त आस्तिक’?

इतिहासाची विद्यार्थिनी
‘मुक्त’ नको, फार कौतुकाचा शब्द आहे. ‘देव मानणारा, चर्च सोडलेला’ असे लांबलचकच लिहा. रकाना थोडा रुंद करावा लागेल.