ज्यू शाळेत गणित शिकवायला जाणार आहे. तिथला आठवडा कसा असतो?

प्रश्न

नमस्कार. पुण्यात अकरा वर्षे चौथी-पाचवीला गणित शिकवल्यानंतर मी आता न्यू जर्सीत राहते आणि ऑगस्टच्या अखेरीस येथील एका मॉडर्न ऑर्थोडॉक्स (धर्मनियम पाळून आधुनिक शिक्षणही देणाऱ्या पंथाच्या) ज्यू शाळेत चौथीला गणित व विज्ञान शिकवण्यासाठी रुजू होणार आहे. मुलाखतीच्या दिवशी मला जे वेळापत्रक दाखवले गेले, त्यात सकाळचे जवळजवळ सगळे तास प्रार्थना, हिब्रू, हुमाश (म्हणजे तोरा हा ज्यू धर्मग्रंथ) अशा विषयांचे होते; माझे तास बहुतेक जेवणाच्या सुट्टीनंतरचे होते आणि शुक्रवारचा रकाना दुपारी एकच्या पुढे कोराच होता. ज्यू धर्माविषयीची सर्वसाधारण माहिती पुस्तकांत मिळते आणि ती मी वाचतेही आहे. मला हवे आहे ते वेगळे. अशा शाळेतला सोमवार ते शुक्रवार प्रत्यक्षात कसा जातो, मुले सकाळी नेमके काय शिकून माझ्या तासाला येतात, आणि नव्या, ज्यू नसलेल्या शिक्षिकेच्या हातून अजाणता कोणत्या चुका होतात, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?

पहिले उत्तर (न्यू यॉर्क, अशाच एका शाळेत नऊ वर्षे विज्ञान शिक्षिका)

ताई, सर्वांत आधी हे लक्षात घ्या की तिथला आठवडा शुक्रवारकडे उतरत जातो. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि घरोघरी दिवे साधारणपणे त्याच्या अठरा मिनिटे आधी लावले जातात. डिसेंबरात इकडे सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, म्हणून हिवाळ्यात शुक्रवारी शाळा दुपारीच सुटते. त्या दिवशीचा तुमचा तास सकाळी कुठेतरी, आखडता घेतलेला असेल. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी रात्र पडेपर्यंत मुले लिहीत नाहीत आणि संगणकाला हातही लावत नाहीत. पहिल्या महिन्यात मी संगणकावरून द्यायच्या गृहपाठाची मुदत सवयीने शनिवारी मध्यरात्रीची ठेवली होती आणि रविवारी सकाळी पालकांच्या अतिशय सभ्य भाषेतल्या सहा तक्रारी वाचल्या.

सकाळच्या तासांचा कणा म्हणजे पराशा, म्हणजेच त्या आठवड्याचे तोराचे प्रकरण. तोराचे असे 54 भाग आहेत आणि ते वर्षभरात क्रमाने वाचून सिम्हात तोरा या सणाला पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. त्यामुळे जगभरच्या ज्यू शाळांत एका आठवड्यात साधारण एकच गोष्ट चाललेली असते: सणांचा महिना संपत आला की नोहाचा पूर, पुढच्या आठवड्यात अब्राहामचे घर सोडणे. सोमवारी आणि गुरुवारी सकाळच्या प्रार्थनेत त्या भागाचा आरंभ वाचला जातो, आणि शुक्रवारी प्रत्येक मुलाच्या दप्तरातून प्रश्नांचा एक कागद घरी जातो, जो रात्रीच्या जेवणाच्या वेळी आईवडिलांसमोर वाचायचा असतो.

तुमची मुले सकाळी नेमके काय करतात, हे पाहायचे असेल तर मोकळ्या तासाला हुमाशच्या वर्गात मागच्या बाकावर बसा. मी बसले होते त्या दिवशी 'लेख लखा', म्हणजे देव अब्राहामला देश सोडून जायला सांगतो तो भाग चालू होता. 'मे-आर्त्सेखा' हा एक शब्द मुलीने पेन्सिलीने तीन तुकड्यांत तोडला: 'मे' म्हणजे 'पासून', शेवटचे 'खा' म्हणजे 'तुझा', आणि मध्ये उरला तो 'एरेत्स', म्हणजे देश. आपण 'देशातून' मधला 'तून' शब्दाच्या शेवटी लावतो, तिथे तो अगोदर येतो, एवढाच फरक. क्रियापदांची मुळे बहुतेक तीन अक्षरांची असतात आणि ती हुडकून काढणे हा रोजचा सराव आहे. संस्कृतचा धातू ओळखायला शिकलेल्या माणसाला तिथे परके वाटत नाही. त्यानंतर त्यांनी राशीची टीका उघडली. राशी हा अकराव्या शतकातला, फ्रान्समधील त्र्वा गावचा भाष्यकार. 'लेख' म्हणजे 'जा' एवढे म्हणून भागले असते, मग पुढे 'लखा', म्हणजे 'तुझ्यासाठी', हा जादा शब्द कशासाठी, असे शिक्षकांनी विचारले आणि मुले त्यावर दहा मिनिटे भांडली. राशीचे उत्तर असे की हे जाणे तुझ्याच सुखासाठी आणि तुझ्याच भल्यासाठी आहे.

याचा परिणाम दुपारी तुमच्या तासाला दिसेल. शाब्दिक उदाहरणात एखादी अनावश्यक संख्या तुम्ही घातलीत, तर चार हात वर होतील आणि ती कशाला दिली आहे असा जाब विचारला जाईल. सुरुवातीला मला हा उद्धटपणा वाटला होता. आता मी मुद्दाम अशी उदाहरणे करते.

आता माझी सर्वांत मोठी चूक सांगते. आपल्याला पाठकोरे कागद टाकवत नाहीत. शिक्षक-खोलीत एक गठ्ठा सापडला, तो मी कच्च्या कामासाठी वर्गात वाटला. एका मुलाने कागद उलटून पाहिला, पेन्सिल खाली ठेवली आणि अगदी हळू आवाजात सांगितले की मागे प्रार्थना आहे. देवाचे नाव असलेला कागद केरात टाकत नाहीत, त्यावर आकडेमोडही करत नाहीत. त्यासाठी प्रत्येक मजल्यावर 'शेमोत' असे लिहिलेला खोका असतो आणि साठलेले कागद पुढे दफनभूमीत पुरले जातात. मी तीसच्या तीस कागद परत गोळा केले. कोणी रागावले नाही, पण तो खोका कुठे आहे हे पहिल्याच दिवशी पाहून ठेवा.

दुसरे उत्तर (पालक, बोस्टनजवळ)

वरील उत्तर उत्तम आहे, तरी सर्व ज्यू शाळांना ते जसेच्या तसे लागू करू नये. माझी पत्नी ज्यू आहे, मी सातारचा, आणि आमची मुलगी ज्या शाळेत जाते ती कोणत्याही एका पंथाची नाही. तिथे मुलगे-मुली एकत्र प्रार्थना करतात, किप्पा, म्हणजे डोक्यावरची छोटी गोल टोपी, कोणी घालायची हे ज्याच्या त्याच्या घरावर सोडलेले आहे आणि राशीपेक्षा बोलीभाषेतल्या हिब्रूवर भर अधिक आहे. तुमच्या शाळेने स्वतःला मॉडर्न ऑर्थोडॉक्स म्हटले असल्यामुळे शिक्षिकांच्या पोशाखाविषयी आणि पुरुष पालकांशी हस्तांदोलनाविषयी कार्यालयात आधीच विचारलेले बरे.

खाण्याविषयी मात्र माझा अनुभव तुमच्या उपयोगी पडेल. संक्रांतीला मी मोठ्या हौसेने घरचे तिळाचे लाडू घेऊन गेलो आणि ते दारातूनच परत आणले. पदार्थ शाकाहारी होते, हा माझा मुद्दा तिथे गैरलागू होता, कारण प्रश्न स्वयंपाकघराचा आणि भांड्यांचा असतो. बाहेरून न्यायचे ते वेष्टनावर कोशेर (ज्यू आहारनियमांनुसार असल्याचे) चिन्ह असलेले, म्हणजे बहुधा वर्तुळात 'यू' हे अक्षर छापलेले असावे, आणि तेसुद्धा विचारूनच. बक्षिसाच्या गोळ्यांनाही हाच नियम.

एक तक्रारही नोंदवतो. दोन अभ्यासक्रम एका दिवसात बसवायचे म्हणून शाळा सव्वाचारपर्यंत चालते आणि दुपारी अडीचला अपूर्णांक शिकणारे मूल सकाळी आठपासून वाचत आलेले असते. तुम्ही उत्तम शिकवलेत तरी ते जांभया देईल. ते मनावर घेऊ नका. शुक्रवारी मात्र तेच मूल ओळखू येत नाही. बालवर्गात असताना आमची मुलगी एका शुक्रवारी वर्गाची 'शब्बात इमा', म्हणजे शब्बाथची आई, झाली होती. टेबलावर पांढरा कागद, द्राक्षाचा रस, वेणी घातलेला गोड पाव आणि त्सेदाकाच्या, म्हणजे दानाच्या, डबीत प्रत्येकाचे एक नाणे. त्या पावाला 'हल्ला' म्हणतात आणि वर्गात तो येताच जे घडते त्याला दुसरा शब्द नाही.

तिसरे उत्तर (लोद, इस्रायल)

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी आहे, मुंबईत शिकले आणि गेली चाळीस वर्षे लोदला राहते. बाळ, तू ज्या शाळेत जातेस तिचे मराठीशी काहीच नाते नाही असे समजू नकोस. माझगावची शाळा हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1875 साली 'इस्रायलाइट स्कूल' म्हणून सुरू केली, पुढे तिला सर एली कदुरी यांचे नाव मिळाले, आणि तिथे आमची मुले मराठी व हिब्रू दोन्ही शिकली. आम्ही निघून आलो. आता तिथे बहुतेक विद्यार्थी मुसलमान आहेत. ती शाळा सुरू होण्याच्या एक वर्ष आधी, 1874 साली, पेसाह या सणाच्या जेवणाच्या वेळी वाचायची हग्गादा ही पोथी पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. त्या रात्री घरातल्या सर्वांत लहान मुलाने चार प्रश्न विचारायचे असतात. मुले प्रश्न फार विचारतात असे वर कोणी लिहिले आहे, ती सवय त्यांना तिथून लागते. कोकणात आम्हांला 'शनिवार तेली' म्हणत, कारण शनिवारी आमचा घाणा बंद असे. तुझा शनिवारचा गृहपाठ बंद, त्यातला हा प्रकार.

गणिताच्या बाईंसाठी आणखी एक गंमत. इथल्या पुष्कळ शाळांत अधिकचे चिन्ह खालचा दांडा गाळून, उलट्या 'टी'सारखे काढतात, म्हणजे ते क्रुसासारखे दिसत नाही. अमेरिकेत नेहमीचेच चालते, पण एखादे मूल इथून आलेले असेल तर त्याची वही पाहून गोंधळू नकोस. आणि त्यांचेही महिने चंद्राचेच असतात. ऋतू जुळावेत म्हणून एकोणीस वर्षांत सात वेळा अदार महिना दोनदा येतो. आपला अधिक महिनाच तो.

प्रश्नकर्तीकडून

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आजींनी सांगितलेल्या अधिक महिन्यावरून मला पहिल्या सत्रासाठी एक पाठ सुचला आहे: बारा चांद्रमास सुमारे 354 दिवसांचे, सौरवर्ष सुमारे 365 दिवसांचे, तर दरवर्षी पडणारे अकरा दिवसांचे अंतर भरून काढायला एकोणीस वर्षांत किती महिने लागतील, हे मुलांनीच काढायचे. आमच्याकडचे आणि त्यांच्याकडचे उत्तर एकच येते हे पाहून त्यांना काय वाटेल, याची उत्सुकता आहे. हा पाठ सप्टेंबरात घ्यावा की नंतर?

पहिल्या उत्तरातील शिक्षिकेकडून

नंतरच घ्या. तिश्री (सप्टेंबर-ऑक्टोबर) महिन्यात रोश हशाना, योम किप्पूर, सुक्कोत आणि सिम्हात तोरा ओळीने येतात, त्यामुळे सलग आठवडा क्वचितच मिळतो आणि शाळेतले कोणतेही मोठे काम 'अखरे हा-हगिम', म्हणजे सण उरकल्यावर, असे म्हणून पुढे ढकलले जाते. तोवर उजळणी करा. आणि हा पाठ मंगळवारी किंवा बुधवारी ठेवा. शुक्रवारी नवे काही सुरू करू नका, कारण शेवटची दहा मिनिटे दप्तरे भरण्यात, हरवलेला पराशाचा कागद शोधण्यात आणि हातातल्या हल्ल्याचे तुकडे फरशीवरून वेचण्यात जातात.