साठीनंतर ट्रान्सप्लांट झालं म्हणून माणसाला वर्षभर खोलीत कोंडायचं का?

लालबागकर
बाबांना मायलोमा (अस्थिमज्जेतल्या पेशींचा कॅन्सर) आहे, वय ६७. मेल्फलान या केमोच्या औषधाचा मोठा डोस देऊन त्यांच्याच आधी काढून ठेवलेल्या स्टेम सेल्स परत चढवल्या. रक्तपेशींचे काउंट वर आले, डिस्चार्ज मिळाला. आता आई आणि काका म्हणतात, वर्षभर खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही. मला हे अजिबात पटत नाही. या वयात माणूस पडून राहिला की मांड्या बघता बघता वाळतात. खुर्चीतून उठताना बाबा दोन्ही हातांनी टेबलाची कड धरतात, उठल्यावरही ती सोडायला धजत नाहीत. डॉक्टरांनी ‘चालतं ठेवा’ असं सांगितलंय. मग पहाटे, गर्दी नसताना, मास्क लावून बिल्डिंगखाली दोन फेऱ्या मारायला काय हरकत आहे?

मुलुंडची माई
हरकत आहे, आणि मोठी आहे. चालवा, पण लालबागच्या गल्लीत नको! तुमच्याकडे दर चार इमारतींमागे एकीचं रीडेव्हलपमेंट चालू असतं. पाडकामाच्या धुळीतून अ‍ॅस्परजिलस बुरशीचे कण उडतात. तुम्हाआम्हाला त्याचं काही होत नाही, पण अशा पेशंटच्या फुप्फुसात ती ठाण मांडू शकते. काउंट आले म्हणजे प्रतिकारशक्ती आली, असं कुणी सांगितलं? न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी दोन-तीन आठवड्यांत येतात, लिम्फोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी सावरायला महिनेच्या महिने जातात. जुन्या लसींचं संरक्षणसुद्धा विरून जातं. बऱ्याच लसी साधारण सहा महिन्यांनी पुन्हा सुरू कराव्या लागतात आणि गोवरासारखी जिवंत लस तर दोन वर्षं देत नाहीत. माझ्या दिरांच्या ट्रान्सप्लांटनंतरच्या गोळ्या ‘आता बरं वाटतंय’ म्हणून मध्येच थांबल्या, त्यात नागीण रोखणारी असायक्लोविरही होती. कमरेभोवती नागीण उठली. शर्टाचं कापड लागलं तरी कळवळायचे. तुमच्या आईला भीती वाटते ती उगाच नाही.

लालबागकर
धुळीचं मान्य, गल्ली रद्द. पण खोलीत कोंडणं मान्य नाही. आणि खरा धोका बाहेरच आहे का? गणपतीत ‘फक्त पाच मिनिटं बघून जातो’ म्हणत खोकणारे नातेवाईक थेट पलंगावर येऊन बसणार. त्यांना दारातून परत पाठवायची आईची तयारी नाही, बाबांना मात्र पॅसेजमध्येही जाऊ देत नाही.

खारघरहून
मी स्वतः पेशंट आहे. माझ्या ल्युकेमियासाठी भावाच्या पेशी घेतल्या होत्या. त्यात जीव्हीएचडीचा, म्हणजे दात्याच्या पेशी पेशंटच्याच शरीरावर उलटण्याचा धोका, वर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. त्यामुळे माझ्यासारख्यांची बंधनं कडक आणि लांबलचक असतात. स्वतःच्या पेशी घेतलेल्यांना तीच सगळी लावायची गरज नसते. लोक ‘बोनमॅरो’ एवढंच ऐकतात आणि शेजारच्या पेशंटचे नियम घरी आणतात. लालबागकर, बाबांना चालवाच. प्लेटलेट किती आहेत ते मात्र आधी विचारा, कमी असतील तर साधं पडणंसुद्धा महागात पडतं. आणि ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट बघू नका, मध्यरात्रीसुद्धा निघा.

मुलुंडची माई
खारघरहून लिहिलेलं पटलं. तरी वेगळ्या पेशी, वेगळे नियम म्हणून मोकळीक मिळाली असं धरू नका, ६७ हे वय आहेच. पाहुणे बंद, यात मी तुमच्या बाजूने. वाईटपणा मुलाने घ्यावा, आईवर टाकू नये. पॅसेजमध्ये दिवसातून चार वेळा चालवा, शेजारी कुणीतरी हवं. बिल्डिंगखाली मात्र आसपासचं पाडकाम थांबेपर्यंत नकोच. यावर मी मागे हटणार नाही.