मदत हवी आहे: सैबेरियन ट्रॅपच्या कार्बनचा हिशेब जुळत नाही

सैबेरियन ट्रॅप म्हणजे सैबेरियातले लाव्हाचे अवाढव्य थर. त्यांचा लाव्हा १० लाख घन किमी धरला. घनता २७५० किलो प्रति घनमीटर, म्हणजे १ घन किमीचं वजन २७५ कोटी टन. शिलारसात वजनाच्या ०.५ टक्के कार्बन डायऑक्साइड धरला तर दर घन किमीला साधारण १.४ कोटी टन, एकूण १४ लाख कोटी टन. हे १० लाख वर्षांवर वाटलं की वर्षाला जेमतेम १.४ कोटी टन! आज आपण कोळसा-तेल जाळून वर्षाला ३५०० कोटी टनांहून जास्त सोडतो. मग २५.२ कोटी वर्षांपूर्वी समुद्रातल्या बहुतेक जाती मेल्या कशाने? कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
गुणाकार बरोबर आहे, भागाकार चुकलाय. उद्रेक सरासरीने होत नाहीत. झटके येतात, मध्ये मोठा खंड पडतो, आणि त्या खंडात सिलिकेट खडकांची झीज हवेतला कार्बन ओढून घेते. त्या झिजेला लाखभर ते काही लाख वर्षं लागतात. त्याहून कमी वेळात जे येतं तेच साचतं. चीनमधल्या मेइशानच्या थरांत मुख्य विनाशाचा काळ सुमारे ६० हजार वर्षांचा निघतो (चूक-भूल ४८ हजार). छेदात तो घाला.

धागाकर्ता
घातला. सगळा लाव्हा त्याच काळात ओतला तरी वर्षाला २३ कोटी टन. तरीही किरकोळच.

प्रतिसाद २
कारण तुम्ही फक्त लाव्हा मोजताय. सैबेरियातल्या तुंगुस्का खोऱ्यात शिलारस कोळसा, शेल (चिखल दाबून झालेला खडक) आणि मिठाच्या थरांत आडवा घुसला. अशा आडव्या घुसलेल्या थरांना सिल म्हणतात; त्यांनी भाजलेला खडक हा खरा स्रोत. १ टक्का सेंद्रिय कार्बन असलेला शेल घ्या: १ घन किमी म्हणजे २४० कोटी टन, त्यात कार्बन २.४ कोटी. निम्मा बाहेर पडला तर १.२ कोटी टन कार्बन, म्हणजे ४.४ कोटी टन कार्बन डायऑक्साइड. तेवढ्याच लाव्हाच्या तिप्पट, आणि हा खडक तर वितळलेलाही नाही. मिठातून निघणारे क्लोरीनयुक्त वायू ओझोन खातात ते वेगळंच.

वयंही हेच सांगतात. झिरकॉन या खनिजाच्या युरेनियम-शिसे कालमापनानुसार बराचसा लाव्हा विनाशाच्या आधीच वाहून गेला होता. विनाशाची सुरुवात जुळते ती सिल घुसण्याशी.

प्रतिसाद ३
पडताळा कार्बनच्या समस्थानिकांवरून (वेगळ्या वजनाच्या अणूंवरून) घ्या. समुद्र आणि हवेत मिळून कार्बन आजच्याइतका, ३८ लाख कोटी टन धरा. कार्बन-१३ या जड समस्थानिकाचं मूल्य (ठरलेल्या मानकापासूनचा फरक) दर हजारी +३ वरून −१ वर आलं असं समजा. मिसळलेला कार्बन = ३८ लाख कोटी × ४ ÷ (−१ वजा स्रोताचं मूल्य).

मँटलचा (पृथ्वीच्या कवचाखालच्या थराचा) कार्बन −६: ३० लाख कोटी टन. तुमच्या लाव्हात कार्बन आहे ३.८ लाख कोटी (१४ गुणिले १२/४४). सपशेल अपुरा. सेंद्रिय कार्बन −२५: ६.३ लाख कोटी. जैविक मिथेन −६०: २.६ लाख कोटी. यातून एकच उत्तर निघत नाही, कुठल्या मिश्रणाने काय होईल एवढंच कळतं. एकाच स्रोताचा आकडा धरून बसू नका.

धागाकर्ता
सल्फर डायऑक्साइडही याच कोष्टकात टाकू?

प्रतिसाद २
अजिबात नको. त्याचं घड्याळच निराळं. खालच्या हवेतला गंधक दिवसा-आठवड्यांत पावसाने धुऊन जातो. स्थितांबरात (हवेच्या वरच्या थरात) पोचला तर एक-दोन वर्षं टिकतो. १९९१ च्या फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीने दीड-दोन कोटी टन वर फेकले आणि पृथ्वी साधारण अर्धा अंश थंडावली, तीही थोड्याच काळासाठी. १७८३-८४ च्या आइसलंडमधल्या लाकीच्या उद्रेकाने ८ महिन्यांत सुमारे १५ घन किमी लाव्हा आणि १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड सोडला. भेगेतून वाहणाऱ्या बेसाल्ट लाव्हासाठी लाकीचं प्रमाण वापरा, दर घन किमीला ८ कोटी नव्हे, ०.८ कोटी टन (इथे शून्य हमखास चुकतं). पण बेरीज एकेका उद्रेकाची करा, अख्ख्या ट्रॅपची नको. उद्रेक थांबला की दोन-चार वर्षांत थंडी ओसरते, कार्बनची ऊब मात्र मागे राहते.

धागाकर्ता
मग ६.३ लाख कोटी टनांसाठी १ टक्का कार्बनचा शेल सव्वापाच लाख घन किमी भाजायला हवा. कोळसा (१३० कोटी टन प्रति घन किमी, ६० टक्के कार्बन, निम्मा बाहेर) असेल तर १६ हजार घन किमी पुरतो. बरोबर?

प्रतिसाद ३
बरोबर. आता कोळशाच्या थरांची एकूण जाडी मिळवा आणि त्यातला किती भाग सिलच्या जवळ येतो ते पाहा. भाजलेला पट्टा साधारण सिलच्या जाडीएवढा धरून सुरुवात करा.