‘फुप्फुसाचा बीपी’ म्हणावं का?

प्रश्न : कोल्हापुरातल्या रुग्णांसाठी माहितीपत्रक करतोय. इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टात ‘माइल्ड पीएच’ असतं, म्हणजे पल्मनरी हायपरटेन्शन, फुप्फुसात रक्त नेणाऱ्या धमनीत वाढलेला दाब. ‘फुप्फुसाचा बीपी’ लिहिलं तर चालेल?

– नको. आपल्याकडं ‘बीपी’ हे माप राहिलेलं नाही, तो आजारच झालाय. ‘शुगर आहे’ तसं ‘बीपी आहे’. ‘फुप्फुसाचा बीपी’ ऐकून माणूस दंडाला पट्टा बांधून घेणार, १२०/८० आलं की निवांत. पट्ट्याला कळतो तो हृदयाच्या डाव्या बाजूनं अंगभर ढकललेल्या रक्ताचा दाब. उजवीकडून फुप्फुसात जाणाऱ्या धमनीतला दाब त्याला कळतच नाही. त्याचा अंदाज इकोवर येतो; खात्री करायची तर मानेच्या किंवा मांडीच्या शिरेतून उजव्या हृदयात कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालावा लागतो.

– आकडेही जपून लिहा. दवाखान्यात दंडावर १४०/९० किंवा जास्त वारंवार आलं तर उच्च रक्तदाब. फुप्फुस-धमनीत बघतात सरासरी दाब : विश्रांतीत साधारण १४, २० च्या वर गेला की पीएच. जुन्या पुस्तकांत २५ सापडेल. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत २० आहे. इकोच्या रिपोर्टातला आकडा मात्र वरच्या दाबाचा अंदाज असतो, सरासरी नव्हे. तिथं ३० दिसलं म्हणून २० शी ताडून घाबरायचं कारण नाही.

– मग ‘फुप्फुसाच्या शिरेतला दाब’?

– बोलीत शीर म्हणजे धमनीही आणि नीलाही (हृदयाकडं रक्त परत आणणारी), इथं तोच घोळ महागात पडतो. पीएचचं सगळ्यांत जास्त आढळणारं कारण डाव्या हृदयाचा आजार. तिथं रक्त पुढं सरकत नाही, दाब नीलेतून मागं धमनीपर्यंत चढतो. अशा वेळी इलाज डाव्या हृदयाचा. सिल्डेनाफिल, बोसेंटान ही औषधं मुख्यतः खुद्द धमन्याच अरुंद झाल्या असतील तेव्हाची. सिल्डेनाफिल चालू असताना छातीत दुखल्यावर घेतात ती नायट्रेटची गोळी जिभेखाली ठेवली तर अंगातला बीपी धोकादायक खाली येतो, हे पत्रकात ठळक हवं. आणि धमनी म्हणजे ‘शुद्ध रक्त नेणारी’ ही शाळेतली व्याख्या इथं लागू नाही. हृदयापासून निघते ती धमनी. फुप्फुस-धमनीतलं रक्त ‘अशुद्ध’च असतं.

– लक्षणांत ‘दम लागतो’ लिहू नका, लोक ‘दमा’ वाचतात आणि पंप मागायला जातात. ‘जोतिबाच्या पायऱ्या चढताना पूर्वीपेक्षा जास्त धाप, चक्कर, पायांवर सूज’ असं लिहा. साध्या बीपीत बहुतेकदा काहीच जाणवत नाही, तेही शेजारीच द्या.

– ठरलं, ‘फुप्फुस-धमनीतला वाढलेला दाब’. पण फुप्फुस की फुफ्फुस?

– छापात दोन्ही दिसतात. पत्रकभर एकच ठेवा.