मदत हवी आहे: कृष्णवर्णीयांच्या हातून बॅन्जो सुटला कसा?

अमेरिकन लोकसंगीतावर छोटं सादरीकरण करतेय, बॅन्जोपाशी अडलंय. (आपला मिरवणुकीतला बेंजो नव्हे!) पश्चिम आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांनी भोपळ्यावर कातडं ताणून हे वाद्य घडवलं, अंगठ्याने छेडायची आखूड तार पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बियाकडच्या अकोंटिंग या वाद्यालाही असते. 1840च्या दशकात गोरे कलाकार तोंडाला काळं फासून मिन्स्ट्रेल खेळांत (कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या गाण्या-नाचाच्या कार्यक्रमांत) तेच वाजवू लागले. वाचतानाच चीड येते. इथवर कळलं. पण पुढे पूर्व अमेरिकेतल्या डोंगराळ अ‍ॅपलाचियातल्या गोऱ्यांचं वाद्य हीच त्याची ओळख कशी झाली? ब्लूग्रास या बॅन्जो असलेल्या अमेरिकन संगीतप्रकारावरचे माहितीपट पाहिले, ते थेट अर्ल स्क्रग्ज या गोऱ्या बॅन्जोवादकापासून सुरू होतात. जॅझचा इतिहास नकोय. कृष्णवर्णीय वादकांनी बॅन्जो सोडला तो मिन्स्ट्रेलच्या अपमानामुळे, की स्वस्त गिटार हाती आली म्हणून? आणि त्यांची 1945आधीची ध्वनिमुद्रणं फुकट कुठे ऐकायला मिळतील?