मदत हवी आहे: मनपा शाळेचा विकास आराखडा महापालिकेच्या अंदाजपत्रकापर्यंत कसा न्यायचा? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. माझी मुलगी कोल्हापुरात महापालिकेच्या शाळेत तिसरीत आहे आणि यंदा मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य म्हणून आले आहे. शिक्षक जीव लावून शिकवतात, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. मदत हवी आहे ती शाळा आणि महापालिका यांचं नातं पक्कं कसं करायचं याबद्दल.

आमची यादी छोटी आहे. मुलींच्या स्वच्छतागृहात दिवसभर पाणी, पावसात गळणारा एका वर्गाचा कोपरा आणि फाटकासमोर गतिरोधक. पण पाणी एका विभागाचं, छप्पर दुसऱ्याचं, रस्ता तिसऱ्याचा आणि शाळा प्राथमिक शिक्षण समितीची. म्हणजे मुख्याध्यापिकाबाईंनी प्रत्येकाला वेगळं पत्र द्यायचं, वेगळी पोच घ्यायची, वेगळा पाठपुरावा करायचा. मग वर्गावर जायचं कधी?

शिक्षण हक्क कायदा वाचला. कलम 21 प्रमाणे समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत. कलम 22 प्रमाणे समितीने शाळेचा विकास आराखडा करायचा, आणि शासन किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या नियोजनाला, अनुदानाला तोच आधार धरायचा. इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना आराखडा शाळेच्या कपाटातच राहू नये, असं मनापासून वाटतं.

समितीत स्थानिक लोकप्रतिनिधीचीही जागा असते. आपल्या महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली आणि नंतर कितीतरी वर्षं प्रशासक होते. त्या काळात शाळेचं म्हणणं सभागृहात मांडणारं कुणी नव्हतं, आणि ती सवयच मोडली.

भागातल्या तालमीची पोरं रंग मारून देतील, वर्गणी काढून पंखेही बसवतील. कोल्हापुरात त्याला तोटा नाही. पण नळाचं पाणी वर्गणीतून येत नाही. आणि एखाद्या ओळखीच्या साहेबांना फोन करून काम उरकायचं नाहीये, कारण साहेब बदलले की पुन्हा पहिल्यापासून. वर्षातून दोनदा तरी सगळे संबंधित विभाग शाळेच्या यादीवर एकत्र बसतील अशी कायमची पद्धत हवी आहे. तुमच्या शहरात कुणी अशी बैठक सुरू करून घेतली आहे का? पत्र कुणाच्या नावे दिलं? आराखड्यातली कामं अंदाजपत्रकात यायला कधी द्यावी लागतात?

---

बावडेकर: ताई, आधी समितीच्या सभेत ठराव करा. ठरावाशिवाय दिलेलं पत्र एका पालकाचा अर्ज ठरतं. ठरावाची प्रत आयुक्तांच्या नावे आणि प्रशासनाधिकारी, प्राथमिक शिक्षण समिती यांच्या नावे एकाच दिवशी द्या, आवक क्रमांक घ्या. तिसरी प्रत तुमच्या विभागीय कार्यालयात. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट यांपैकी तुमचा भाग कुठे येतो ते बघून उपशहर अभियंत्यांना द्या. पाहणीला तेच माणूस पाठवतात.

वेळ महत्त्वाची. आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे मार्चमध्ये मागितलेलं काम पुढच्या वर्षावर जातं. डिसेंबरच्या आत यादी पोहोचवा, आणि प्रत्येक कामापुढे अंदाजे खर्च लिहा. खर्च नसलेली मागणी अंदाजपत्रकात बसवता येत नाही.

शिक्षिका, निवृत्त: समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. 101 ते 250 पट असेल तर वर्षाला 50 हजारांपर्यंत, आणि त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेसाठी. नळ, टाकी, किरकोळ दुरुस्ती त्यातून होते. त्यामुळे महापालिकेकडे छप्पर आणि रस्ता एवढंच मागा, यादी जितकी नेमकी तितकी ती वाचली जाते. पहिली बैठक 26 जूनच्या, शाहू जयंतीच्या आठवड्यात मागून बघा. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात, पाऊसही लागलेला असतो, म्हणजे गळती डोळ्यांनी दिसते.

धागाकर्ती: दोघांचेही मनापासून आभार. पुढच्या सभेत ठराव घेते. पटसंख्या दीडशेच्या आसपास आहे, म्हणजे पाण्याच्या टाकीचं अनुदानातून बघता येईल. एकच विचारते: ठरावावर अध्यक्षांची आणि सचिव म्हणून मुख्याध्यापिकाबाईंची सही पुरते, की हजर असलेल्या सगळ्या पालकांच्या सह्या जोडाव्या?